आंबे, नातवंडं आणि मागचा हुक

सात आसनी गाडी घ्यायची ठरली की घरोघरी वाद होतो तो रंगावरून, फार तर डिझेल की पेट्रोल यावरून. हैदराबादच्या विद्यानगरात आमच्या शेजारच्या घरी तो ट्रेलरवरून झाला. सासरे निवृत्त, पेशाने यंत्रवाले. हैदराबाद ऑल्विनने झहीराबादला निसानच्या हलक्या ट्रकांचा कारखाना काढला होता, त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. (1942 साली निजामी राजवटीत निघालेली ही ऑल्विन म्हणजे डबलडेकर बसच्या सांगाड्यांपासून फ्रिजपर्यंत सगळं करणारी कंपनी. झहीराबादचा तो कारखाना पुढे महिंद्राकडे गेला. त्या काळची माणसं अजून ‘आमची ऑल्विन’ असंच म्हणतात.) सूनबाई एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतात. भालकीजवळ घरचं शेत आहे, त्यात बेनिशान आंब्याची झाडं. विद्यानगरहून झहीराबाद, बीदर करत भालकी म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. घरात माणसं सहा: आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं.

सासऱ्यांचं म्हणणं असं की गाडी घ्यायचीच तर मागे ट्रेलर ओढणारी घ्यावी. सूनबाईंचं म्हणणं, ट्रेलर हा शब्द काढून टाका, मग कुठली गाडी ते बोलू. चहा घेत बसलेल्या मला पंच नेमलं गेलं. पंचाने गप्प बसावं अशी दोघांचीही अपेक्षा होती, ती मी जमेल तेवढी पाळली.

सासरे: वर्षातून आंब्याचा एक हंगाम. मग तूर, मग घरचे हरभरे. दर वेळी कुणाची तरी ट्रॉली शोधा, भाडं ठरवा, तो ऐनवेळी फोन बंद करून बसतो. त्यापेक्षा स्वतःचा छोटा ट्रेलर. आपण सगळे गाडीत, माल मागे. परदेशात बघ, घरटी एक असतो.

सूनबाई: बाबा, परदेशात घरापुढे ट्रेलर ठेवायला जागाही असते. आपल्या इमारतीखाली खांबांच्या मधे एक गाडी लागते, तीसुद्धा वॉचमनला हाक मारून. गल्लीत रात्रभर ट्रेलर उभा केलात तर सकाळी नल्लाकुंट्याच्या मंडईची अर्धी भाजी त्यात भरलेली सापडेल.

सासरे: ट्रेलर शेतावर ठेवू.

सूनबाई: मग आंबे इथे कसे यायचे? भरलेला ट्रेलर आणायचा, रिकामा परत न्यायचा. म्हणजे आंब्याच्या एका खेपेला भालकीच्या दोन फेऱ्या.

सासऱ्यांनी हा मुद्दा ऐकला न ऐकलासा केला. ते मुळात जागेबद्दल बोलायला बसलेच नव्हते. त्यांना चासीबद्दल बोलायचं होतं.

सासरे: हे बघ, आज मिळतात त्या मोठ्या गाड्या दोन जातींच्या. एकीत खाली शिडीसारखी पोलादी चासी आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, सगळ्या याच घराण्यातल्या. आपली जुनी टाटा सुमोसुद्धा. सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरं घेतलेली गाडी, तिला काय कमी म्हणणार! दुसऱ्या जातीत बॉडी हीच चासी, सगळं एकसंध पत्र्याचं. नवी इनोव्हा हायक्रॉस तशी. बसायला मऊ, चालवायला हलकी. पण मागे हुक लावून ओढायचं तर जोर सरळ चासीच्या लांब तुळयांवर गेला पाहिजे. पत्र्याला हुक लावला तर पत्रा ताणणार. शिवाय क्रिस्टा मागच्या चाकांनी ढकलते, हायक्रॉस पुढच्या चाकांनी ओढते. ट्रेलरचा भार मागे पडला की पुढची चाकं हलकी होतात. मग चढावर ती नुसती फिरतील.

सूनबाई: म्हणजे घरातल्या चार माणसांनी रोज जे हादरे खायचे ते वर्षातल्या दोन खेपांसाठी.

सासरे: हादरे काय गं, हल्ली स्कॉर्पिओ-एनमध्ये हादरे कुठे? तीच गाडी ऑस्ट्रेलियात विकतात आणि तिथे अडीच हजार किलोचा ट्रेलर ओढायला परवानगी देतात. अडीच टन! आपले आंबे किती? तीस क्रेट. क्रेटचे वीस किलो धर. सहाशे किलो.

सूनबाई: तिथला पूर्ण आकडा सांगा ना. अडीच हजार तो ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला साडेसातशे. युरोपातही बिनब्रेकच्या ट्रेलरची हद्द साडेसातशे किलोच. तुमचे सहाशे किलो आंबे, वर ट्रेलरचं स्वतःचं वजन अडीचशे. झाले साडेआठशे.

इथे सासऱ्यांनी कपाटातून जुन्या पावतीचा कागद काढला आणि पाठीमागे आकृती काढायला घेतली. सूनबाई वादात जिंकत होत्या म्हणून नव्हे, आकडा अर्धवट सांगितला हे त्यांना स्वतःलाच खटकलं म्हणून. कारखान्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस आकड्याशी खोटं वागत नाही, हा त्यांच्यातला गुण मला फार आवडतो. पुढचा सगळा संवाद त्या कागदावरचा आहे, आणि माझ्या मते या विषयातलं खरं सार तेवढंच आहे.

सासरे: बैलगाडी भरताना काय बघतो आपण? माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर त्यांचे खांदे मोडतात. म्हणून थोडा भार पुढे ठेवायचा, खांद्यावर जेमतेम येईल इतका. ट्रेलरचं तेच. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. कमी झाला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की मागून गाडीलाच हलवतो.

सूनबाई: साडेआठशेचा दहावा हिस्सा पंच्याऐंशी किलो.

सासरे: हौ. पण गंमत पुढे आहे. हुक मागच्या धुऱ्याच्याही मागे असतो, म्हणजे मीटरभर तरी. गाडीच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर पावणेतीन मीटर धर, हुक धुऱ्यापासून एक पूर्णांक एक मीटर मागे. तरफ झाली. हुकावरच्या पंच्याऐंशीचे मागच्या धुऱ्यावर होतात… (इथे थोडं गणित) …एकशेएकोणीस. आणि पुढचा धुरा चौतीस किलोने हलका होतो.

सूनबाई: आणि त्याच मागच्या धुऱ्यावर तिसऱ्या रांगेत मुलं बसतात, त्यांच्या मागे सामान.

सासरे: हं.

सूनबाई: आता माझं ऐका. सात आसनी गाडीला माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं हे कंपनी ठरवून देते. साधारण साडेपाचशे-सहाशे किलोच्या आसपास. आपली चार मोठी माणसं, पासष्टने धरली तर दोनशेसाठ. मुलं तीसची, साठ. झाले तीनशेवीस. तुमचं-माझं सामान, आईंच्या डब्यांसकट ऐंशी. चारशे. हुकावरचे पंच्याऐंशी याच खात्यातून जातात, हुकाच्या पोलादाचे वीस-पंचवीसही. पाचशेदहा. राहिले चाळीस. आणि भालकीहून येताना तुम्ही डिकीत काय काय कोंबता ते मी बघितलंय.

सासरे बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “बसतंय की कागदावर.” सूनबाई म्हणाल्या, “कागदावर.”

मला वाटतं, या विषयावर गाड्यांच्या मासिकांत आणि शोरूममध्ये जे बोललं जातं त्यात हा हिशोब नेमका राहून जातो. ‘ही गाडी एवढे टन ओढते’ असा आकडा सांगतात, तेव्हा गाडीत किती माणसं बसली आहेत हे कुणी विचारत नाही. कुटुंबाची गाडी आणि ओढणारी गाडी या दोन गरजा एकाच गाडीत मावतात खऱ्या, पण त्या एकाच वजनाच्या खात्यातून खर्च होतात. नातवंडं वाढतील तसा ट्रेलर लहान होत जाणार. दोघंही शाळा संपवून पन्नास-साठ किलोचे होतील तेव्हा त्या चाळीस किलोंतलं काही उरणार नाही. अश्वशक्तीचा या गणिताशी फारसा संबंध नाही.

ओढणं तसं सोपंच असतं. ऑक्टोबर 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका टोयोटा टुंड्रा पिकअपने एंडेव्हर हे अख्खं अंतराळयान एका पुलावरून ओढून नेलं होतं. जाहिरातीला फार छान. सपाट चांगल्या रस्त्यावर चाकांवरचा एक टन सरकवायला दहा-पंधरा किलोचा जोर पुरतो, बंद पडलेली मारुती दोन माणसं ढकलतात ती म्हणूनच. प्रश्न थांबवण्याचा आहे. ते यान पायी चालण्याच्या वेगाने चाललं होतं. सासरे झहीराबादच्या रस्त्यावर ऐंशीने जाणार.

सासरे: शेतातली ट्रॉली रोज बघतो की. दोन टन ऊस घालून बिनब्रेकची जाते.

सूनबाई: पंचवीस-तीसच्या वेगाने जाते. ऐंशीला त्याच वजनात किती ऊर्जा असते, हे तुम्हीच मला शिकवलंय, वेगाचा वर्ग.

सासरे: सातपट.

सूनबाई: आणि पटनचेरूपाशी समोरून उलट्या बाजूने रिक्षा येते.

सासरे: मग ट्रेलरला ब्रेक लावू. त्याची एक साधी युक्ती असते. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, तो रेटा हुकातल्या सरकत्या दांड्यावर येतो, दांड्याने तार ओढली जाते आणि ट्रेलरची चाकं आवळतात. विजेची गरज नाही, काही नाही. मी स्वतः बनवून देतो.

सूनबाई: बाबा, तुम्ही बनवाल हे मला माहीत आहे. तीच तर भीती आहे.

यानंतरचा भाग विमावाल्या बाईंचा. कायद्याचं त्यांनी जे सांगितलं ते बहुतेक घरांत माहीत नसतं, म्हणून सविस्तर देतो. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे गाडीला जोडलेला डबा असं त्याचं स्थान नाही, ते स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी, वेगळी नंबरपाटी, वेगळा विमा. बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत नेणं वगैरे अपवाद सोडले तर मोटारीमागे रस्त्यावर चालायचा तो नोंदणी झालेला ट्रेलरच. चांगली गोष्ट अशी की 5 नोव्हेंबर 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराचा ट्रेलर हा प्रकार बिगरवाहतूक वाहनांच्या यादीत घातलेला आहे. घरच्यासाठी ट्रेलर ठेवणं म्हणजे ट्रकचा धंदा करणं नव्हे, एवढं कायद्याला मान्य आहे.

सासरे: बघ! सरकारलासुद्धा पटलंय.

सूनबाई: सरकारला ट्रेलर पटलाय. तुमचा वेल्डर नाही. कायद्याचं बावन्नावं कलम सांगतं की कंपनीने मूळ जे नोंदवलंय त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फार कडकपणे वाचलंय. मुशीराबादला कुणाकडून तरी हुक वेल्ड करून घेतलात, अपघात झाला, तर तो दावा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर येणार. मी काय लिहीन सांगू?

सासरे: लायसन्सचं काय? मला वेगळं काढावं लागेल का?

सूनबाई: लायसन्सचं त्यामानाने बरं आहे. 2001 मध्ये नागशेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ट्रॅक्टर चालवायचं लायसन्स असलेल्याने मागे ट्रेलर जोडला म्हणून त्याचं लायसन्स निकामी होत नाही. पण ते ट्रॅक्टरचं प्रकरण. मी त्याच्या भरवशावर ट्रेलरचा विमा न काढता बाहेर पडणार नाही.

मध्येच मुलाने, म्हणजे सूनबाईंच्या नवऱ्याने, आतून सांगितलं की त्याला आंबे नकोत, झोपायची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर हवा. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय, त्यात असे ट्रेलर धरले आहेत, कोकणात जाता येईल. दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत आत गेला. सासरा-सुनेचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढंच.

सासरे: आमच्या लहानपणी पाटबंधारे खात्याच्या जीपमागे एक छोटा ट्रेलर असायचा. सर्व्हेचं सामान, तंबू, स्वयंपाकाची भांडी, सगळं त्यात. जीप काय, आजच्या गाड्यांच्या निम्म्या ताकदीची नव्हती.

सूनबाई: त्या ट्रेलरला काय म्हणायचे?

सासरे: पाव टनाचा.

सूनबाई: पाव टन. जीपसाठी अमेरिकन लष्कराने बनवला तोच ना? म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास माल. तुमचे अकरा क्रेट. आणि जीपमध्ये नातवंडं नव्हती.

अकरा क्रेटचं ऐकून सासरे हसले. त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं. अकरा क्रेट आणि रिकामा ट्रेलर मिळून पाचशेच्या आत येतात, हुकावर पन्नासहून कमी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. कागदावर नवा हिशोब सुरू झाला. मला तेव्हा वाटलं की त्यांना ट्रेलरची निकड कमी आहे आणि असा हिशोब करण्याची जास्त.

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. मधला मार्ग म्हणून लोक पिकअप सुचवतात. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स, म्हणजे पुढे पाच माणसं आणि मागे उघडा हौदा. दिसायला देखण्या, चासी सासऱ्यांच्या पसंतीची. पण पाच आसनं. सहाव्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न आजींनी स्वयंपाकघरातून विचारला आणि त्याला उत्तर नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे घरच्यांसाठी साधी गाडी घ्यायची आणि माल भाड्याने आणायचा. 2005 पासून टाटा एस, आपला छोटा हाथी, गावोगावी उभा असतो. तीस क्रेट तो एका खेपेत आणतो, भाडं घेतो आणि रिकामा परत जाण्याची चिंता त्याची. फोन बंद ठेवणारा एक माणूस भेटला म्हणून त्यासाठी पंधरा-वीस लाखांच्या गाडीची निवड बदलायची, हे मला पटत नाही. ट्रेलर घ्यायचाच असेल तर शेतावर ठेवावा, ट्रॅक्टरला जोडावा. भालकीच्या बाजारापर्यंत तो पंचवीसच्या वेगाने जाईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

पण एका बाबतीत मी सासऱ्यांच्या बाजूचा आहे. ते चासीबद्दल बोलत होते ते सगळंच आंब्यांसाठी नव्हतं. विद्यानगरातल्या जुन्या घरांच्या फाटकांपुढे रस्त्याच्या पातळीपासून एकदम वर जाणारे सिमेंटचे उतार असतात. सहा माणसं आणि सामान घालून पुढच्या चाकांची गाडी त्या उतारावर पावसात चढवून बघा. ट्रेलर नसतानाही मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा फायदा तिथे कळतो. शिवाय भालकीच्या पुढे शेतापर्यंतचा शेवटचा कच्चा रस्ता आहेच. सूनबाईंनी हे मान्य केलं, पण रोज शाळा आणि ऑफिस त्यांनाच करायचं असल्याने स्टीअरिंग किती जड लागतं, बरकतपुऱ्याच्या गर्दीत गिअर किती वेळा बदलावे लागतात, ते त्या स्वतः बघणार.

सासरे: ठीक आहे. ट्रेलर बाजूला. पण चासीची गाडी आणि मागची चाकं.

सूनबाई: आणि ऑटोमॅटिक.

सासरे: ऑटोमॅटिकला ओढताना गिअरबॉक्सचं तेल तापतं.

सूनबाई: काय ओढताना, बाबा?

सासरे: …बरं. ऑटोमॅटिक.

सूनबाई: आणि टेस्ट ड्राइव्हला तुम्ही एकटे जायचं नाही. सहाच्या सहा जण बसायचं, आईंच्या डब्यांसकट. शोरूमवाल्याने एखादा सपाट रस्ता दाखवला तर नको म्हणायचं, गाडी इथे आणायला लावायची आणि आपल्या फाटकाच्या उतारावर मागे घेऊन बघायची.

सासरे: मग आंबे?

सूनबाई: छोटा हाथीवाल्याचा नंबर मी घेते. फोन बंद ठेवला तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं.

सासऱ्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. अकरा क्रेटच्या हिशोबाची बाजू त्यांनी वर ठेवली होती, हे सूनबाईंनी पाहिलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, “आणि मापाची टेप घेऊन शोरूममध्ये गाडीच्या खाली वाकायचं नाही.”